जनरेटरचं एनडीई बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं, आणि गिअरबॉक्स बदलण्याआधी काय काय बघायचं

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही विषय कळेल. देवासच्या बाजूला टेकडीवर तुमची २ मेगावॉटच्या पवनचक्कीची मशीन्स आहेत, गिअरबॉक्सवाली, डीएफआयजी जनरेटर (रोटरलाही कन्व्हर्टरमधून वीज देणारा). त्यातल्या एकाचं एनडीई (नॉन ड्राइव्ह एंड, म्हणजे कपलिंगच्या उलट टोकाचं) बेअरिंग चौदा महिन्यांत तिसऱ्यांदा गेलं, त्याच मशीनच्या गिअरबॉक्सच्या तेलात लोखंडाचा आकडा हळूहळू चढतोय, आणि मालक म्हणतात की एकदाच काय ते करून टाका, जनरेटर बदला नाहीतर गिअरबॉक्स बदला, पण जुलैत मशीन बंद दिसायला नको. तुम्ही विचारताय की रिलायबिलिटी खरंच वाढवायची तर हात कुठून घालायचा.

मी इंदूरचाच. सांवेर रोडवर एका रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमधे कामाला लागलो, आधी मिलच्या आणि पंपाच्या मोटरी, मग पवनचक्क्यांचे जनरेटर यायला लागले, आणि पुढची वीसेक वर्षं देवास, रतलाम, मंदसौर या पट्ट्यात टॉवरवर चढण्यात गेली. त्यामुळे जे सांगतोय ते हाताने केलेलं आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की आत्ता काहीही विकत घेऊ नका. आधी मला सांगा, ते तिसरं बेअरिंग आत्ता कुठे आहे? पहिली दोन भंगारात गेली असणार हे मी गृहीत धरतो, बहुतेक साइटवर तसंच होतं, बेअरिंग ओढून काढलं, नवीन गरम करून बसवलं, ग्रीस भरलं, मशीन चालू, आणि जुनं टॉवरच्या तळाशी कोपऱ्यात पडतं आणि महिन्याभरात कबाडी घेऊन जातो. त्याच्याबरोबर सगळा पुरावा जातो. तिसरं अजून असेल तर त्याला पुसू नका, धुऊ नका, प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवा.

ते बेअरिंग उघडायचं, म्हणजे बाहेरची रिंग ग्राइंडरने कापून दोन तुकडे करायचे, कापताना ट्रॅक जळू द्यायचा नाही, आणि शक्य असेल तर काढायच्या आधीच बाहेरच्या रिंगवर वरच्या बाजूला, घड्याळात बारा वाजतात तिथे, पेंटने खूण करायची. ही खूण फार महत्त्वाची आहे. जनरेटरचं बेअरिंग साधं डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग असतं, रोटरचं वजन खाली, म्हणजे बाहेरच्या रिंगवर घासल्याचा पट्टा फक्त खालच्या भागात आणि खाचेच्या मधोमध दिसायला हवा. पट्टा एका कडेला सरकलेला असेल तर बेअरिंगवर अक्षाच्या दिशेने जोर येत होता. पट्टा तिरका असेल तर हाउसिंग किंवा अलाइनमेंट वाकडी आहे. पूर्ण गोल ३६० अंशात असेल तर फिट जास्त टाइट झालंय, आतला क्लिअरन्स संपलाय. आणि रिंगवर आडव्या बारीक रेघा एकसारख्या अंतरावर, पन्हळी पत्र्यासारख्या, दिसल्या तर तो करंट आहे, दुसरं काही नाही. त्याला फ्लूटिंग म्हणतात आणि एकदा बघितलं की माणूस विसरत नाही.

डीएफआयजीमधे करंटचा संशय मी नेहमी सगळ्यात आधी घेतो. ५० हर्ट्झच्या ग्रिडवर चार पोलच्या मशीनचा सिंक्रोनस वेग १५०० आरपीएम, आणि डीएफआयजी त्याच्या वरखाली साधारण ३० टक्के फिरतो, म्हणजे हजार-साडेदहाशेपासून साडेएकोणीसशेपर्यंत. त्यासाठी रोटरला कन्व्हर्टर जोडलेला असतो, तो सेकंदाला हजारो वेळा स्विचिंग करतो, आणि त्या स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज तयार होतं. हे व्होल्टेज जमिनीकडे जायला वाट शोधतं आणि सगळ्यात जवळची वाट म्हणजे बेअरिंगचे बॉल आणि रिंग यांच्यामधला ग्रीसचा पातळ थर. तो थर फुटला की बारीक ठिणगी, बारीक खड्डा, आणि असे कोट्यवधी खड्डे. ग्रीस काळं पडतं, आवाज यायला लागतो, आणि लोक म्हणतात ग्रीस खराब होतं, दुसऱ्या कंपनीचं घ्या.

यावर सगळे सांगतात इन्सुलेटेड बेअरिंग लावा. बरोबर आहे पण अर्धंच. कोटिंगवाल्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर सिरॅमिकचा पातळ थर असतो, मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावला तर आकडा सुंदर दाखवतो, पण मेगर डीसी असतो. हाय फ्रिक्वेन्सी करंटला तो थर कपॅसिटरसारखा दिसतो आणि त्यातला काही भाग पार होतोच. सिरॅमिक बॉलवालं हायब्रिड बेअरिंग यात जास्त चांगलं, महाग असतं पण जिथे वारंवार फ्लूटिंग होतंय तिथे मी तेच लावा म्हणेन. आणि दोन्ही बाजूंना लावा. फक्त एनडीईला लावलं की करंट डीईकडे, म्हणजे कपलिंगच्या बाजूच्या बेअरिंगकडे, वळतो, आणि डीईही बंद केला की कपलिंगमधून गिअरबॉक्सच्या हाय स्पीड शाफ्टकडे जायला बघतो. म्हणून शाफ्टला चांगली, चालू असलेली अर्थिंगची वाट देणं हे बेअरिंगच्या किमतीपेक्षा मोठं काम आहे, आणि नेमकं तेच काम साइटवर कोणी बघत नाही.

एक किस्सा सांगतो, कारण तुमच्या केसशी फार जुळतो. एका साइटवर (नाव नको) एकाच मशीनचं एनडीई चार वेळा गेलं. दोन वेगळ्या ब्रँडची बेअरिंग लावून झाली, ग्रीस बदलून झालं, अलाइनमेंट लेझरने दोनदा करून झाली. मला बोलावलं तेव्हा चौथं बेअरिंग सुदैवाने वर नॅसेलमधेच (टॉवरवरच्या मशीनच्या खोलीत) पडलेलं होतं, ते खाली आणून कापलं तर पूर्ण पन्हळी पत्रा. अर्थिंग ब्रश तर होता, नवीनच होता, स्प्रिंग ताठ, शाफ्टवर नीट टेकलेला. मग मी ब्रश होल्डर आणि जनरेटरच्या बॉडीमधे साधा मल्टिमीटर लावला, तर ओपन. आदल्या वर्षी जनरेटर ओव्हरहॉलला गेला होता, तिथे बॉडीला छान जाड पेंट मारला आणि होल्डरचा ब्रॅकेट त्या पेंटवरच बोल्ट केला. बोल्टलाही पेंट. म्हणजे ब्रश शाफ्टला टेकत होता पण पुढे वाटच नव्हती. पॉलिश पेपरने पेंट घासला, जाड ब्रेडेड वायर थेट अर्थ बारला नेली, दोन्ही बेअरिंग हायब्रिड केली, आणि त्यानंतर ते बेअरिंग मी असेपर्यंत परत गेलं नाही. मला आजही त्या आधीच्या चार बेअरिंगचं वाईट वाटतं, कारण पहिलंच कापून बघितलं असतं तर सगळं पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

म्हणून तुम्ही हे बघा. शाफ्ट अर्थिंग ब्रशची लांबी, त्याच्या टोकाला तेल-ग्रीसचा थर आहे का, होल्डर ते बॉडी आणि बॉडी ते अर्थ बार किती ओहम येतो (पॉइंट झिरो समथिंगच यायला हवा). मग कपलिंग. जनरेटर आणि गिअरबॉक्समधल्या कपलिंगचा मधला पाइप किंवा प्लेट फायबरची असते, ती मुद्दामच इन्सुलेशन म्हणून असते. पण स्लिप रिंगचे कार्बन ब्रश झिजून जी काळी पूड उडते ती सगळ्या नॅसेलमधे बसते, त्यात थोडं तेल मिसळलं की त्या फायबरवर काळा चिकट थर तयार होतो आणि तो करंट वाहतो. असा थर असेल तर जनरेटरचा करंट गिअरबॉक्सच्या हाय स्पीड बेअरिंगमधे जातोय. तुमच्या तेलात लोखंड वाढतंय त्याचं एक कारण हे असू शकतं, आणि तसं असेल तर गिअरबॉक्स बदलून नवीन गिअरबॉक्सचंही तेच होणार. कपलिंग पुसा, मेगर करा, आकडा आणि तारीख डायरीत लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

स्लिप रिंगच्या खोलीचा फिल्टर आणि पंखा पण बघून घ्या, पूड बाहेर ओढली जात नसेल तर ती सगळीकडे बसणारच.

आता करंट नसेल, रेघा नसतील, पट्टा कडेला सरकलेला असेल तर? तर फ्लोटिंग एंड बघायचा. दोनपैकी एक बेअरिंग जागेवर पक्कं असतं आणि दुसऱ्याला हाउसिंगमधे सरकायला मोकळीक असते, कारण शाफ्ट गरम होऊन लांब होतो. हिशोब सोपा आहे, स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, दोन बेअरिंगमधलं अंतर १.२ मीटर आणि शाफ्ट बॉडीपेक्षा ४० अंश जास्त गरम धरलं तर साधारण अर्धा मिलिमीटरच्या वर. हा अर्धा मिलिमीटर कुठेतरी जायला हवा. फ्लोटिंग बाजूचं हाउसिंग गंजलेलं असेल, किंवा ओव्हरहॉलमधे स्लीव्ह टाकून टाइट मशीनिंग केलं असेल, तर दोन्ही बेअरिंग एकमेकांना ढकलत बसतात. हाउसिंगचं माप बोअर गेजने तीन ठिकाणी, दोन दिशांना घ्या. वर्कशॉपवाला 'सब ओके है' म्हणाला एवढ्यावर जाऊ नका, मापाचा कागद मागा.

ग्रीसबद्दल थोडंसंच. समजा तुमचं बेअरिंग ६३३० आहे, त्याचा बाहेरचा व्यास ३२० आणि रुंदी ६५ मिलिमीटर. व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, म्हणजे साधारण १०४ ग्रॅम, एका वेळचं ग्रीस एवढंच. मी ग्रीस गन रिकामी होईपर्यंत मारणारी पोरं बघितलीत आणि ऑटो लुब्रिकेटरचा डबा आठ महिन्यांपासून रिकामा असलेली मशीनंही बघितलीत, दोन्हीचा शेवट सारखाच. तुमच्या गनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा आहे ते वजनकाट्यावर एकदा मोजून गनवरच लिहून टाका. जुनं ग्रीस बाहेर पडायची वाट उघडी आहे का ते बघा. आणि लिथियम कॉम्प्लेक्स आणि पॉलियुरिया एकत्र करू नका, बहुतेक वेळा ती जोडी जमत नाही, ग्रीस पातळ होऊन वाहून जातं किंवा घट्ट होऊन बसतं.

अलाइनमेंट. हे नीट वाचा कारण इथे चांगले चांगले लोक चुकतात. गिअरबॉक्स रबरच्या माउंटवर असतो, जनरेटरही रबरवर. लेझर लावतो तेव्हा मशीन उभं असतं, टॉर्क शून्य. फुल लोडला टॉर्क आला की गिअरबॉक्स एका बाजूला दबतो, दुसऱ्या बाजूला उचलतो, हाय स्पीड शाफ्ट मधोमध नसून एका बाजूला असतो म्हणून तो वर किंवा खाली सरकतो, आणि जनरेटरही त्याच्या रबरवर थोडा झुकतो. म्हणून मेकर उभ्या मशीनला मुद्दाम ऑफसेट ठेवायला सांगतो, म्हणजे लोडवर दोन्ही शाफ्ट एका रेषेत येतील. ज्या माणसाने स्क्रीनवर शून्य-शून्य आणून अभिमानाने फोटो पाठवला त्याने लोडवरची अलाइनमेंट बिघडवलेली असते. तुमच्या मॉडेलचा ऑफसेट मॅन्युअलमधे असतो, तो काढा. आणि रबर म्हातारं होतं. इथे मे महिन्यात नॅसेलच्या आत जी भट्टी होते ती तुम्ही अनुभवलीच असेल, त्यात रबर कडक होतं, बसतं, चिरतं. चारही माउंटची उंची मोजा, शेजारच्या मशीनशी ताडून बघा. रबर नवीन टाकलं तर दोन-तीन महिन्यांनी परत अलाइनमेंट, कारण नवीन रबर सुरुवातीला बसतं. आणि सॉफ्ट फूट (मशीनचा एखादा पाय नीट न टेकणं) तपासल्याशिवाय लेझर बॅगेतून काढूच नका.

आता गिअरबॉक्सकडे येतो. तुमच्या मालकांना एक गोष्ट समजावून सांगा. गिअरबॉक्स वीस वर्षांसाठी डिझाइन करतात, पण जगभर ते त्याच्या कितीतरी आधी जायला लागले तेव्हा अमेरिकेच्या एनआरईएल या प्रयोगशाळेने २००७ मधे मेकर, मालक आणि बेअरिंगवाले यांना एकत्र घेऊन गिअरबॉक्स रिलायबिलिटी कोलॅबोरेटिव्ह नावाचं काम सुरू केलं. त्यातून जे पुढे आलं ते आपल्या टेकडीवर पण अगदी लागू आहे: बिघाड एखाद्या कंपनीचा खराब माल म्हणून होत नव्हता, तो सगळ्यांकडे सारखाच होता, आणि बहुतेक वेळा सुरुवात गिअरच्या दातापासून न होता बेअरिंगपासून होत होती. पुढे त्यांनी जमवलेल्या नोंदींमधे साधारण तीन चतुर्थांश केसेस बेअरिंगच्या होत्या, आणि त्यात सगळ्यात मोठा गट हाय स्पीड आणि इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगला लांबीच्या दिशेने पडणाऱ्या भेगांचा. त्या भेगेचा तुकडा कापून, पॉलिश करून, अॅसिड लावून मायक्रोस्कोपखाली बघितला तर भेगेच्या कडेला पांढरा भाग दिसतो, म्हणून व्हाइट एचिंग क्रॅक. ही भेग कॅल्क्युलेशनने काढलेल्या आयुष्याच्या पाच-दहा-वीस टक्क्यांतच येते. कारणांवर अजूनही वाद चालू आहे: स्टीलमधे शिरणारा हायड्रोजन, रोलर घसरणं, अचानक येणारे झटके, तेलातली काही अॅडिटिव्ह, तेलातलं पाणी, आणि हो, करंट. परत करंट. बघा कसं जनरेटरपासून निघून गिअरबॉक्सपर्यंत येतं.

उपाय म्हणून ब्लॅक ऑक्साइड केलेली बेअरिंग आणि केस कार्बराइज्ड स्टीलची बेअरिंग मिळतात, दोन्हींचा अनुभव चांगला आहे, हाय स्पीड शाफ्टचं बेअरिंग बदलायचंच असेल तर साध्या बेअरिंगचा आग्रह धरू नका. आणि यातली चांगली बातमी अशी की बऱ्याच मॉडेलमधे हाय स्पीड शाफ्टची बेअरिंग वरच्या वर, नॅसेलमधेच बदलता येतात, क्रेन लागत नाही. प्लॅनेटरी स्टेजचं (रोटरकडच्या हळू फिरणाऱ्या टप्प्याचं) मात्र गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय सहसा होत नाही. म्हणून लोखंड नेमकं कुठून येतंय हे ठरवणं हाच खरा पैशाचा प्रश्न आहे, आणि ते ठरवल्याशिवाय 'गिअरबॉक्स बदला' म्हणणं चुकीचं आहे.

ते ठरवायचं कसं? बोरोस्कोप (आत घालायचा बारीक कॅमेरा) घाला. एक चांगला बोरोस्कोप आणि तो चालवता येणारा शांत स्वभावाचा माणूस, दोन्ही लागतं, घाईचा माणूस प्लॅनेटच्या बेअरिंगपर्यंत कॅमेरा नेतच नाही. हाय स्पीडची बेअरिंग, इंटरमीडिएटची, रिंग गिअरचे दात, प्लॅनेट कॅरिअर. व्हायब्रेशनची सिस्टिम असेल तर मागच्या सहा महिन्यांचे स्पेक्ट्रम काढा, साइडबँड (मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या रेषा) कोणत्या शाफ्टच्या वेगाचे आहेत त्यावरून स्टेज कळते. नसेल तर हाताने धरायचा कलेक्टर भाड्याने घेऊन वारं असताना रीडिंग घ्या, पण एक लक्षात ठेवा, प्लॅनेटरी स्टेज इतकी हळू फिरते की साध्या मीटरला तिथलं काही ऐकूच येत नाही, तिथे तेल आणि बोरोस्कोपच कामाचा.

तेलाच्या रिपोर्टबद्दल तुम्हाला सावध करतो. लोखंडाचा जो पीपीएम आकडा येतो तो स्पेक्ट्रोमीटरचा, त्याला साधारण पाच-आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसतच नाहीत. म्हणजे बेअरिंगचे मोठे पापुद्रे निघत असतील तर आकडा शांत दिसू शकतो. पीक्यू इंडेक्स (लोखंडाचे मोठे कणही धरणारा, चुंबकाने मोजलेला आकडा) पण मागा, आणि जुना फिल्टर फेकण्याआधी त्याच्या घड्या कापून उलगडून पांढऱ्या कापडावर झटकून बघा, चुंबक फिरवा. चपटे चमकणारे पापुद्रे म्हणजे बेअरिंग, केसासारखे लांब तुकडे म्हणजे काहीतरी कापलं जातंय. सॅम्पल नेहमी त्याच एका पॉइंटवरून, मशीन नुकतं चालून तेल गरम असताना, आधीचं थोडं तेल वाया घालवून मग बाटलीत. एकदा तळातून, एकदा फिल्टरनंतर असं घेतलं तर ट्रेंडला काही अर्थच उरत नाही, आणि तुमचा 'चढणारा आकडा' कदाचित सॅम्पल घेणारा माणूस बदलल्यामुळेही असू शकेल, हे आधी तपासा.

तेलाची स्वच्छता हा स्वस्तातला सगळ्यात मोठा उपाय आहे असं माझं ठाम मत आहे. चालू गिअरबॉक्सला आयएसओ ४४०६ (तेलातल्या तीन आकारांच्या कणांच्या मोजणीचा कोड) प्रमाणे १८/१६/१३ पेक्षा घाण तेल नको. या कोडमधे एक आकडा वाढला की कणांची संख्या दुप्पट होते, म्हणजे १८ वरून २१ वर गेलात तर आठपट. मशीनबरोबर आलेला इनलाइन फिल्टर बहुतेक १० मायक्रॉनचा असतो आणि जानेवारीत पहाटे टेकडीवर तापमान खाली गेलं की व्हीजी ३२० तेल काकवीसारखं घट्ट होतं, फिल्टरचा बायपास उघडतो आणि सगळी घाण फिल्टरला वळसा घालून बेअरिंगकडे जाते. म्हणून हीटर चालतोय का ते बघा आणि तेल गरम होईपर्यंत मशीनला लोड घेऊ देऊ नका. वेगळा छोटा पंप लावून ३ मायक्रॉनचा ऑफलाइन फिल्टर चोवीस तास चालवा. ब्रीदरमधे (गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर जायची वाट) सिलिका जेलचा रंग बदललाय का ते दर व्हिजिटला बघा, आपल्याकडे पावसाळ्यात तीन महिने टेकडी ढगात असते, रात्री मशीन थंड झालं की गिअरबॉक्स ओली हवा आत ओढतो. पाणी ३०० पीपीएमच्या वर गेलं की मी कारण शोधायला लागतो, ५०० ची वाट बघत नाही. आणि उन्हाळ्यात काळ्या मातीची जी धूळ असते ती इतकी बारीक असते की ब्रीदर सैल असेल तर सरळ तेलात. नवीन तेलाचं पिंपही स्वच्छ असेल असं समजू नका, ते सुद्धा फिल्टरमधूनच भरा.

मेन बेअरिंग (पात्यांच्या मुख्य शाफ्टचं) बघताय ना? तुमचं मशीन थ्री पॉइंट माउंटचं असेल, म्हणजे पुढे एकच स्फेरिकल रोलर बेअरिंग आणि मागे गिअरबॉक्सचे दोन हात, तर वाऱ्याचा सगळा धक्का त्या बेअरिंगच्या मागच्या रोलर ओळीवर येतो आणि पुढची ओळ जवळजवळ रिकामी फिरते. मागची ओळ झिजली की शाफ्ट मागे सरकतो आणि जो धक्का मेन बेअरिंगने घ्यायचा तो प्लॅनेट कॅरिअरच्या बेअरिंगवर जातो, ज्यांना तो घ्यायला बनवलेलंच नाही. डायल गेज लावून वारं येता-जाता शाफ्ट मागेपुढे किती हलतो ते मोजा आणि शेजारच्या मशीनशी ताडा. ग्रीसमधे पितळी चमक दिसली तर केज (रोलर जागेवर धरणारा पिंजरा) झिजतोय.

ज्या गोष्टीकडे मी तुमचं सगळ्यात जास्त लक्ष वेधेन ती म्हणजे ट्रिपिंग. एससीएडीएमधून (मशीनच्या नोंदी ठेवणारी कॉम्प्युटर सिस्टिम) गेल्या दोन वर्षांचे इमर्जन्सी स्टॉप आणि ग्रिड लॉस मशीनवार मोजा. ३३ केव्ही फीडर ऐन पावसाळ्यात, फुल लोडला, अचानक गेला की जनरेटरचा टॉर्क एका क्षणात शून्य होतो, रोटर पुढे पळतो, पिचची यंत्रणा पाती वाऱ्यातून बाहेर वळवते, त्यात हाय स्पीडचा ब्रेक लगेच बसला तर टॉर्क उलटा होतो, दात बॅकलॅशमधून (दातांमधल्या मोकळ्या जागेतून) मागे आपटतात, बेअरिंगमधला लोडचा भाग एकदम पलीकडे उडी मारतो आणि रोलर घसरतात. असा एक स्टॉप म्हणजे कित्येक दिवसांच्या शांत चालण्याइतकी झीज असं मी पोरांना सांगतो. मी एका साइटवर मोजलं होतं, जी तीन मशीनं फीडरच्या शेवटच्या टोकाला होती त्यांचेच गिअरबॉक्स आधी गेले. तुमचं त्रास देणारं मशीन या मोजणीत वर आलं तर उपाय खांबावर आणि पॅरामीटरमधे आहे: लाइनखालची झाडं कापून घ्या, इन्सुलेटर पावसाआधी धुवा, जंपर तपासा, आणि मेकरशी बोलून ब्रेक पिचने वेग उतरवल्यावरच बसतोय ना हे खात्री करा. छोट्या-छोट्या अलार्मसाठी लाल बटण दाबायची सवय असेल तर तीही बंद करा, साधा स्टॉप द्या.

उलट बाजू, वारं नसताना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मशीन बराच काळ उभं असतं तेव्हा ब्रेक लावून ठेवू नका, पाती हळूहळू फिरू द्या. एकाच जागी उभ्या रोटरचे रोलर बारीक कंपनाने रिंगमधे खुणा पाडतात, आणि पावसाळ्यात त्याच खुणांपासून पापुद्रे निघायला लागतात.

मालकांनी गिअरलेस मशीनबद्दल विचारलं असं तुम्ही म्हणालात. एनरकॉनने १९९३ च्या सुमाराला ५०० किलोवॉटचं गिअरलेस ई-४० आणलं तेव्हापासून ती वाट आहेच, आणि पुढे साइट रीपॉवर (जुनी मशीनं काढून नवी बसवणं) करायची असेल तर जरूर विचार करा. पण गिअरबॉक्स गेला म्हणून काळजी जात नाही, मेन बेअरिंग राहतंच आणि पूर्ण पॉवर कन्व्हर्टरमधून जाते. आत्ताच्या मशीनच्या प्रश्नाला ते उत्तर नाही.

आता वेळेचं गणित, कारण माळव्यात हेच निर्णायक आहे. होळी झाली, आपल्याकडे वारं मे अखेरीपासून चढतं आणि जून ते ऑगस्ट वर्षाची खरी कमाई. २ मेगावॉटचं मशीन त्या दिवसांत ४० टक्के पीएलएफने (पूर्ण क्षमतेच्या ४० टक्के सरासरीने) चाललं तरी २००० गुणिले २४ गुणिले ०.४, म्हणजे दिवसाला १९,२०० युनिट. आणि नेमकं तेव्हाच काळी माती भिजली की क्रेनचा ट्रेलर टेकडीवर चढत नाही, जुलैत खाली उतरवायला लागलेला गिअरबॉक्स दसऱ्यापर्यंत तसाच राहतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून बोरोस्कोप, कपलिंग मेगर, अर्थिंग आणि डायल गेज हे सगळं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात करा. प्लॅनेटरीमधे काही दिसलं तर मेमधे क्रेन ठरवा, मालक रागावले तरी चालतील. फक्त हाय स्पीडमधे असेल तर बेअरिंग आधीच मागवून वरच्या वर बदला. काहीच दिसलं नाही तर तेल साफ करा, मशीन चालू द्या आणि पावसाळ्यात दर महिन्याला सॅम्पल. तापमानासाठी एकट्या मशीनचा आलेख बघू नका, शेजारच्या दोन मशीनचं त्याच पॉवरला, त्याच वेळेचं बेअरिंग तापमान बाजूला ठेवा, पाच-सात अंशाचा फरक पडायला लागला की ती खूण अलार्मच्या कितीतरी आधी येते.

बेअरिंग कापलंत की फोटो पाठवा. आतल्या रिंगचा वेगळा, बाहेरच्या रिंगचा वेगळा, बारा वाजताची खूण दिसेल असा, आणि उजेड तिरका ठेवा, सरळ फ्लॅश मारला तर रेघा दिसत नाहीत. सोबत कपलिंगचा मेगर आणि होल्डर ते बॉडी किती ओहम आला तो आकडा. तेवढ्यावर मी बरंचसं सांगू शकेन. आणि सांवेर रोडला कापून हवं असेल तर घेऊन या, आपण समोर बसून उघडू.